बत्तीस दातांचा वज्रलेप

कुरुंद्यातला शेवटचा दात डॉ. सुधन्वा खोत यांनी उपटला, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. तोही दात गावातल्या माणसाचा नव्हता. ऊस वाहायला आलेल्या परजिल्ह्यातल्या एका ट्रकड्रायव्हरचा होता. त्यानंतर खोतांच्या दवाखान्यात जे लोक येत, ते एक तर पेपर वाचायला येत, नाही तर एसीत टेकायला येत, नाही तर चुकून येत. चुकून आलेल्यांना खोत स्वतः दारापर्यंत सोडायला जात आणि रस्त्यापलीकडची डॉ. यास्मीन मुजावर यांची पाटी बोटानं दाखवत. दाखवायची तशी गरज नव्हती. त्या पाटीखालची रांग कृष्णेच्या पुलावरूनही दिसे.

दात कोरायच्या मशीनवर खोत आता भजनी मंडळाच्या रुद्राक्षांना भोकं पाडून देत. हे गिऱ्हाईक त्यांना आवडू लागलं होतं. रुद्राक्षाला 'आ' कर म्हणावं लागत नाही, आणि तो मध्येच आपला हात धरत नाही.

गावानं आपल्याला बेकार केलं, अशी तक्रार करायला मात्र त्यांना तोंड नव्हतं. गावातली अकरा हजार तोंडं त्यांनी स्वतःच्या हातानं पक्की केली होती.

बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं दातांवर एकदाच लावायचा एक लेप काढला. त्याचं शास्त्रीय नाव दीड ओळीचं होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी ते पहिल्याच आठवड्यात टाकून दिलं आणि त्याला वज्रलेप म्हणायला सुरुवात केली. देवीच्या मूर्तीची झीज थांबवायला जो लेप देतात, त्याचं हे नाव इकडे पोरासोरांनाही पाठ. देवीचं झालं, आता आमच्या दाढांचं होऊन जाऊ दे, असा एकूण सूर होता.

कुरुंद्याच्या साखर कारखान्याचे चेअरमन आबा हंकारे यांनी हा लेप अख्ख्या तालुक्याला फुकट द्यायचं ठरवलं. गळीत हंगामाच्या पहिल्या दिवशी, गव्हाणीत उसाची मोळी टाकून झाल्यावर, त्यांनी खोतांना माईकपुढे उभं केलं आणि कानात सांगितलं, "डॉक्टर, सभासदाला कळंल असं बोला. मला कळलं तरी चालंल."

"दात म्हणजे दगड नव्हे," खोत म्हणाले. "दात म्हणजे भिंत. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या बारीक बारीक विटांची. आपल्या तोंडात कोट्यवधी जंतू राहतात. आपण साखर खाल्ली की तेही खातात, आणि खाऊन झालं की आम्ल सोडतात. त्या आम्लात भिंतीच्या विटा विरघळून निसटतात. मग लाळ येते, आम्ल धुऊन टाकते, निसटलेल्या विटा थोड्याफार परत बसवते. ही पडझड आणि डागडुजी दिवसभर चालू असते. पडझड वरचढ झाली, की आपण म्हणतो दात किडला. त्यात किडा कुठंच नसतो."

"आमच्या आज्जीच्या दाढंतनं तर काढून दावला हुता की कापसावर!" मागून एक म्हातारे सभासद ओरडले.

"तो कापसातच होता, काका. आता या भिंतीवरचा गवंडी म्हणजे फ्लोराइड. तो लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट ओढून आणतो, भगदाडात बसवतो, आणि बसवताना स्वतःही थोडा विटेत मिसळतो. ती नवी वीट जुनीपेक्षा चिवट निघते, आम्लाला सहज दाद देत नाही. शिवाय हा गवंडी जंतूंच्या जेवणातही खोडा घालतो. म्हणून तर पेस्टमध्ये फ्लोराइड असतं. अडचण एवढीच, की आपण चूळ भरली की बराचसा मोरीत जातो. आणि जास्तही बोलावून चालत नाही. लहानपणी पोटात जास्त गेला तर दातांवर डाग पाडतो, फारच गेला तर हाडं धरतो. थोडा हवा, पण कायम हवा. वज्रलेपानं त्याची राहायची सोय दातावरच केलीय. या लेपात डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या आहेत. तोंडात आम्ल झालं की त्या उघडतात आणि गवंडी कामाला लागतो. आम्ल गेलं की मिटतात. चहातून, पाण्यातून, पेस्टमधून पुन्हा भरून घेतात. एकदा लावला की चाळीस वर्षं बघायला नको."

"चाळीस वर्सं कुनाला बघायचीत!" तेच म्हातारे म्हणाले आणि मंडपात हशा पिकला.

मग आबांनी माईक घेतला. "सभासद बंधू-भगिनींनो, आजवर आपल्या मालाला एकच दुश्मन होता. दातांचा डॉक्टर. तो आज आपल्या स्टेजवर बसलाय. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. खोतांनीही वाजवल्या. त्यांना या लेपाचं मनापासून कौतुक वाटत होतं. ऊसतोडीच्या तळावरची सहा-सात वर्षांची पोरं गाल सुजवून, हनुवटीला फडकं बांधून त्यांच्यापुढे बसत. एका हंगामात त्यांनी चारशे दुधाचे दात काढले होते. त्या पोरांचं रडणं थांबणार होतं, आणि ते खरंच थांबलं. या सगळ्यात खोटं असं काहीच नव्हतं. खोटं असतं तर पुढे कुठंतरी उघडकीला आलं असतं.

गावाला धीर यावा म्हणून पहिला लेप स्टेजवर, खोतांच्या बायकोला, हेमलताबाईंना लावायचं ठरलं होतं. हेमलताबाई कन्याशाळेत गणित शिकवत. त्यांना गोड इतकं आवडे, की नफा-तोट्याच्या उदाहरणांत त्या दरवर्षी लाडूच विकत आणि शेवटी दुकानदारानं स्वतः किती खाल्ले तेही विचारत.

आता इथं एका वाक्याबद्दल सांगायला हवं.

हेमलताबाईंच्या आईला साखर होती. कुरुंद्यात 'साखर वाढली' ही बातमी चांगली की वाईट, हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं; इथं ती वाईट होती. आधी त्या बाईंचा पाय गेला, मग डोळे गेले, आणि मग त्या गेल्या. तेव्हा हेमलता वीस वर्षांची होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिनं तिसऱ्या अनारशाला हात घातला, तेव्हा खोतांच्या मनात आलं की म्हणावं, तुझ्या आईचं पाहिलंस ना, जरा जप. पण नव्या नवरीला सणाच्या दिवशी असं कसं बोलायचं? त्यांच्या तोंडून निघालं, "दात किडतील."

हेमलतानं त्यांच्याकडे पाहिलं आणि अनारसा ताटात परत ठेवला.

इतक्या स्वस्तात काम झाल्यावर दुसरं वाक्य कोण शोधत बसतो? पुढची बावीस वर्षं खोतांनी तेच वापरलं. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, हळदीकुंकवाला, नुसत्या भुवईनंसुद्धा. ती हात आवरता घेई. आईचं नाव कधी निघालं नाही. निघायची गरजही पडली नाही.

स्टेजवर लेप लावायला बारा मिनिटं लागली. हेमलताबाई हसल्या, फोटो निघाले, आणि आबा कंदी पेढ्याचा बॉक्स घेऊन पुढे झाले. "वहिनी, तोंड गोड करा!"

हेमलताबाईंनी पेढा घेतला आणि सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. खोतांनी तोंड उघडलं. आत वाक्य नव्हतं. दोन हजार माणसांपुढे त्यांनी तोंड मिटलं आणि हसून मान हलवली. हेमलताबाईंनी पेढा खाल्ला. मग दुसरा खाल्ला.

पुढच्या काही वर्षांत कुरुंद्यातल्या आईबापांच्या लक्षात आलं, की आपला बिनपगारी पोलीस बडतर्फ झालाय. पोरांना गोडापासून हटकायचं तर कशाच्या जोरावर? स्वादुपिंड खराब होईल म्हणावं, तर ते पोरांना दिसत नाही, आणि आईबापांनाही ते नेमकं कुठं असतं ते माहीत नाही. शाळेत गोड शनिवार सुरू झाला. ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन गेलं, तरी आधी श्रीखंडाची वाटी पुढे येई. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याला हॉटेलवाला विचारू लागला, "घरात काही झालंय का?" कारखान्याचा नफा वाढला, आबा तिसऱ्यांदा बिनविरोध निवडून आले, आणि गाव दात काढून हसत राहिलं. दात खरोखर बघण्यासारखे होते.

दुपारी डॉ. मुजावर खोतांच्या दवाखान्यात येत आणि पेशंटच्या खुर्चीवर पाय लांब करून डबा खात. तालुक्यात इतकी आरामशीर आणि इतकी रिकामी खुर्ची दुसरी नव्हती. एके दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

"तुमचे पेशंट गेले कुठं, म्हणून विचारत होतात ना परवा? कुठं गेले नाहीत. रस्ता ओलांडून माझ्याकडे आलेत."

"दात तर दुखत नाहीत कुणाचे," खोत म्हणाले.

"काहीच दुखत नाही त्यांचं. तीच बोंब आहे. दाढ म्हणजे भोंगा होता, खोत सर. साखर अती झाली की वर्ष-दोन वर्षांत ठणाणा करायची. तुम्ही भोंग्याची वायर कापलीत. आग होती तिथंच आहे." त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "हा वहिनींचा. तीन महिन्यांची सरासरी अकरा पॉइंट चार."

खोतांनी कागद घेतला. सहाच्या वर गेलं की काळजी करतात, एवढं त्यांनाही माहीत होतं.

"तळपायाला सुई टोचून बघितली," मुजावर म्हणाल्या. "त्यांनी मला विचारलं, टोचताय कधी?"

खोत कागद उलटा-सुलटा करत राहिले. "औषध?"

"देते की. गोळ्या देते, इंजेक्शन देते. त्या घेतातही वेळेवर, गणिताच्या बाई आहेत. वर वाटीभर बासुंदी घेतात. त्यावर माझ्याकडे उतारा नाही. तुमच्या आबांच्या कारखान्यात साखरेचा उतारा बारा टक्के आहे म्हणे."

त्या संध्याकाळी खोत घरी आले, तेव्हा हेमलताबाई व्हरांड्यात शेवयांची खीर खात बसल्या होत्या.

"यास्मीन भेटली होती," खोत म्हणाले.

"चुगली केली असेल."

"हेमा, गोड बंद कर."

"का? दात किडतील?" हेमलताबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. बत्तीस दात, एकाला डाग नाही.

"पाय जाईल."

हेमलताबाईंनी वाटी खाली ठेवली. रागावल्या नव्हत्या, वर्गात एखाद्या मुलीनं बरोबर उत्तर चुकीच्या रीतीनं काढल्यावर दिसत तशा दिसत होत्या.

"अहो, बावीस वर्षं तुम्ही मला एकच भीती शिकवलीत. तिचा पाठ इतका पक्का झालाय, की दुसरी डोक्यात शिरतच नाही. अजूनही गोड खाल्लं की माझी जीभ आधी सगळ्या दाढांवरून फिरून येते. दाढा म्हणतात, सगळं ठीक आहे. मग मी कुणाचं ऐकू?"

"तुझ्या आईचं..." खोत म्हणाले.

"आईचं काय?"

तिनं हे इतक्या सरळ विचारलं, की खोतांची दातखिळीच बसली. "काही नाही," ते म्हणाले.

हेमलताबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वाटी पुन्हा उचलली.

खोतांना माणसाशी बोलायचं एकच ठिकाण माहीत होतं, ते म्हणजे तोंडाच्या आत. त्यांनी प्रयोगशाळेला पत्र पाठवून विचारलं, की एखाद्या दातावरचा वज्रलेप काढायचा झाला तर कसा काढावा. दोन दिवसांत उत्तर आलं. 'आपल्या रुग्णांचा लेप बारा वर्षांनंतरही शाबूत असल्याबद्दल अभिनंदन. लेप काढता येणे हा आमच्या उत्पादनातील दोष मानला जाईल.'

तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं, की लेपाला बारा वर्षं झाली, आता एकदा तपासणी करायला हवी. हेमलताबाई खुर्चीवर बसल्या, 'आ' केला. खोतांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि उजवीकडच्या खालच्या दाढेवर मशीन टेकवलं. वज्रलेपाच्या दाढेनं एकामागून एक तीन टोकं बोथट केली. चौथं आत गेलं. भिंत ओलांडली की आतला भाग मऊ असतो आणि त्यात नसेपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. भिंत असते तोवर नसेला बाहेरची खबर नसते. भिंतीला भोक पडलं की थंड, गोड, आंबट सगळं थेट आत जाऊन टोचतं. खोतांना तेवढंच हवं होतं. त्यांनी त्या नळ्यांपर्यंत भोक पाडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते न भरता हात धुतले.

धडधाकट दाढेत भोक. कॉलेजात असताना कुणी हे केल्याचं कानावर आलं असतं, तर खोतांनी त्याचं नाव टाकलं असतं.

संध्याकाळी हेमलताबाईंनी बर्फीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि एकदम गालावर हात धरला. "आई गं!"

खोत पेपराच्या आड होते. बायकोच्या कण्हण्यानं इतकं बरं वाटण्याचा त्यांच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग.

"काय झालं?"

"कळ आली." हेमलताबाईंनी उरलेली बर्फी डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी चहा बिनसाखरेचा झाला. तिसऱ्या दिवशी शेजारून खोबऱ्याच्या वड्या आल्या, त्या तशाच परत गेल्या, आणि शेजारी चौकशीला आले. पाचव्या दिवशी मुजावरांनी फोन केला, "सर, केलंत काय? उपाशीपोटीची साखर दोनशे नव्वदवरनं एकशे सत्तरवर आलीय!" खोतांनी काही सांगितलं नाही. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला होता. तीन महिन्यांना एक दात, म्हणजे वर्षाला चार. बत्तीस दात आठ वर्षं पुरतील. आठ वर्षांत माणूस पुष्कळ शिकू शकतो.

पेपराच्या आडून ते रोज बघत. ती घास तोंडात घाली, जरा थांबे, गालाला हात लावी. कधी कधी हात लावल्यावर ती त्यांच्याकडेही पाही, काहीतरी विचारल्यासारखं. तेव्हा ते पान उलटत.

दहाव्या दिवशी हेमलताबाईंनी गुळाच्या खरवसाच्या तीन वड्या खाल्ल्या. एकदाही कण्हल्या नाहीत.

"बघू," खोत म्हणाले आणि बॅटरी घेऊन आले.

भोकाचा तळ काचेसारखा चकचकीत झाला होता. आजूबाजूच्या दातांवरच्या कुप्या उघडल्या होत्या, त्यांतलं फ्लोराइड लाळेतून इकडे आलं होतं, त्यानं कॅल्शियम ओढून आणलं होतं आणि नळ्यांची तोंडं एकूण एक बुजवून टाकली होती. गवंडी शेजारच्या घरातून आला होता आणि न बोलावता काम करून गेला होता. खोतांनी टोकदार सळई फिरवून पाहिली. ती घसरली. इतकं सुबक काम त्यांच्या स्वतःच्या हातून कधी झालं नव्हतं. क्षणभर त्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि मग त्या अभिमानाची लाज वाटली.

"काय म्हणतो तुमचा लेप?" हेमलताबाईंनी विचारलं.

"उत्तम आहे."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि चौथी वडी घेतली.

खोतांनी दुसरं भोक पाडलं नाही. पाडून उपयोग नव्हता, हे आता त्यांना शास्त्रीयदृष्ट्या माहीत होतं.

त्या एप्रिलमध्ये हेमलताबाई भर दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. अर्ध्या तासानं खाली आल्या, तर जिन्यावर ओले ठसे उमटले होते. दोन्ही तळपायांची कातडी सोलून निघाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. डावा पाय महिन्याभरात बरा झाला. उजवा चिघळला, काळा पडू लागला, आणि जूनमध्ये सांगलीच्या एका हॉस्पिटलात, गुडघ्याखालून काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी खोत पलंगाजवळच्या स्टुलावर बसले होते. नर्स येऊन पायावर पेननं रेघ मारून गेली होती. हेमलताबाईंनी ती रेघ वाकून पाहिली. "सरळ नाही आली," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अहो, त्या दाढेत भोक तुम्हीच पाडलंत ना?"

खोत चादरीची सुरकुती सरळ करू लागले.

"दातांच्या डॉक्टरची बायको आहे मी. तपासणीला पाऊण तास, इंजेक्शन, आणि चार टोकं? मोजत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

"पण नऊ दिवस गोडाला शिवली नाहीस तू. इतकं दुखत होतं?"

"दुखायचं तिसऱ्याच दिवशी थांबलं."

खोतांनी मान वर केली.

"तुम्ही पेपराच्या आडून इतक्या आशेनं बघत बसायचात. मला ते मोडवेना," हेमलताबाई म्हणाल्या. "म्हटलं, एवढं भोक पाडण्यापर्यंत गेलेत, आता मनातलं बोलतील. तेवढ्यावर मी सोडलंही असतं कदाचित. नऊ दिवस गालाला हात लावून वाट बघितली. रोज पान उलटायचात. मग मात्र खरवस आला."

वॉर्डात कुणाचा तरी मोबाइल वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

"तुझ्या आईसारखं तुझं होईल, याची मला भीती वाटते," खोत म्हणाले. "पहिल्या दिवाळीपासून."

चौतीस वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर यायला पाच सेकंदसुद्धा लागली नाहीत. हेमलताबाईंनी ते ऐकून घेतलं, मान हलवली.

"माहीत होतं मला. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बरं झालं." त्यांनी चादर रेघेवरून खाली ओढली. "आता गेटबाहेर ताजी जिलबी काढतात, तेवढी आणा. उद्यापासून काय ते बघू."

"हेमा."

"जा हो. मोडू नका मन."

खोत गेले. गेटबाहेर रांग होती. निम्म्या लोकांच्या हातात हॉस्पिटलच्या फायली होत्या. जिलबीवाला अर्ध्या किलोच्या खाली देत नव्हता. खोतांनी अर्धा किलो घेतली.

उद्यापासून असं काही झालं नाही. पाय गेला, दिवाळीनंतर एका डोळ्याची नजर गेली, मग दुसऱ्याची. इंजेक्शनं वाढत गेली. खोत आता रोज बोलत, स्पष्ट बोलत, आईचं नाव घेऊन बोलत. हेमलताबाई प्रत्येक वेळी शांतपणे ऐकत आणि हात पुढे करून वाटी चाचपत. फाल्गुनात एका दुपारी त्यांचं हृदय थांबलं. मुजावर धावत रस्ता ओलांडून आल्या, त्यांनी नाडी पाहिली, आणि दवाखान्याची रांग तशीच सोडून खोतांशेजारी बसून राहिल्या.

रिवाजाप्रमाणे त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी कडू घास आणला. पिठलं-भाकरी होती, आणि सोबत डबाभर शिरा.

दुसऱ्या दिवशी आबा हंकारे भेटायला आले. डोळे खरोखरच ओले होते. "वहिनींसारखं हसणारं माणूस नाही बघितलं, डॉक्टर," ते म्हणाले. "कारखान्याच्या वतीनं डायलिसिस सेंटर काढतोय. अठरा मशिनं. वहिनींचं नाव देऊ या. आणि आता तान्ह्या बाळांसाठी लेप आलाय म्हणं, पहिला दात दिसला की लगेच. उद्घाटन तुमच्याच हातनं."

"विचार करून सांगतो," खोत म्हणाले. नाही म्हणायची त्यांची ताकद संपली होती. ती मुळातच फार नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते अस्थी आणायला गेले. गॅसदाहिनीच्या ऑफिसात नगरपालिकेची एक तरुण बाई टॅबलेट घेऊन बसली होती. तिनं अस्थींचं गाडगं पुढे केलं आणि बाजूला एक झाकणाची बरणी ठेवली. बरणीत दात होते. काळवंडलेले नव्हते, तडकलेले नव्हते. फ्लोराइड मुरलेली वीट भट्टीलाही सहज दाद देत नाही, आणि वरून लेप होता.

"हे वेगळे ठेवावे लागतात, सर," ती अदबीनं म्हणाली. "नदीत विरघळत नाहीत. मागच्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या जाळ्या तुंबल्या होत्या. आता कारखान्याची लॅब घेऊन जाते. यातल्या कुप्या काढून बाळांच्या लेपात वापरतात. फक्त स्थिती भरायची राहिलीय. एरवी मीच भरते, पण तुम्ही तर दातांचे डॉक्टर आहात."

टॅबलेटवर हेमलताबाईंचं नाव होतं, वय होतं, आणि खाली तीन चौकोन होते. उत्तम. मध्यम. निरुपयोगी.

"निरुपयोगी असतील तर?" खोतांनी विचारलं.

"मग लॅब घेत नाही. घरी न्यायला मिळतात."

खोतांनी बरणी हातात घेतली. खिडकीतल्या उन्हानं ती किंचित कोमट झाली होती. सवयीनं त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, सुळे पाहिले, दाढा पाहिल्या, कडा पाहिल्या. बोट टॅबलेटकडे गेलं. चौतीस वर्षांत त्या बोटानं दाताबद्दल खोटं कधी लिहिलं नव्हतं. ते आपोआप पहिल्या चौकोनावर टेकलं आणि पडदा हिरवा झाला.

"धन्यवाद, सर," बाई म्हणाली आणि तिनं बरणीसाठी हात पुढे केला.

"थांबा," खोत म्हणाले. "माझ्याकडून चुकून..."

"चुकून कसं, सर? उत्तमच आहेत की."

खोतांनी बरणीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "उत्तमच आहेत."

आणि त्यांनी ती तिच्या हातात दिली.